बुधवारचे वक्ते: श्री. हिराजी घरत

आमच्या विद्यापीठाच्या पनवेल संकुलात काय घडलं आणि काय घडणार आहे, हे सगळं तेव्हा एका कागदावर मावत असे. कागदाचं नाव ‘आठवडा’. पाठपोट छापलेला तो कागद दर सोमवारी पहिल्या तासाआधी चौदा फलकांवर टाचला जायचा आणि उरलेल्या प्रती ग्रंथालयाच्या टेबलावर एका गुळगुळीत दगडाखाली ठेवलेल्या असायच्या. वसतिगृहाची टाकी गुरुवारी धुणार, तेव्हा पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावे. वनस्पतिशास्त्राच्या बागेत कृष्णकमळ फुलले आहे, बघावे, तोडू नये. भौतिकशास्त्राच्या जिन्यात उजव्या पायाची चप्पल सापडली आहे, डावी दाखवून घेऊन जावी. असल्या बातम्या. मोठ्या बातम्याही असायच्या, म्हणजे परीक्षेच्या तारखा, रक्तदान शिबिर, कोणाला पीएचडी मिळाली वगैरे. पण लोक आधी चप्पल वाचायचे. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या बातम्या हल्ली तिच्या फोनवर दिवसभर टणटणत असतात आणि ती त्यातली एकही उघडत नाही. आमच्या वेळी सोमवारी सकाळी फलकासमोर उभं राहायला जागा मिळायची नाही. यात आमचं मोठेपण काही नव्हतं. वाचायला दुसरं काही नव्हतं, एवढंच.

‘आठवडा’ चालवायच्या कर्णिक मॅडम, आमच्या ग्रंथपाल. बारीक अंगाच्या, सुती साडीच्या, आणि आवाज इतका हळू की ऐकणारा आपोआप पुढे वाकायचा. पुस्तकाच्या मागणीच्या चिठ्ठीवरचं माझं अक्षर पाहून त्यांनी मला विचारलं, ‘‘दर्शना घरत, बातम्या गोळा करशील का?’’ मी हो म्हटलं, कारण मॅडमना नाही म्हणता येतं हेच मला माहीत नव्हतं. तेव्हापासून दर गुरुवारी आणि शुक्रवारी मी वही घेऊन विभागाविभागातून फिरायची. शिपायांना सगळं आधी कळतं आणि विभागप्रमुखांना सगळ्यात शेवटी, हे मी पहिल्या महिन्यातच शिकले. शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतल्या संगणकावर मी आणि तस्नीम तो कागद जुळवायला बसायचो. तस्नीम पनवेल गावातली. तिच्या घरची बेकरी होती, मोहल्ल्यात मशिदीच्या मागच्या गल्लीत, आणि शनिवारी ती न चुकता नानकटाई आणायची, कागदातून तूप बाहेर आलेली. मजकूर माझा, मांडणी तिची. चौकटी आखण्यात तिचा हात इतका बसला होता की एखादी बातमी बसेना झाली तर ती सरळ म्हणायची, ‘‘यातली दोन वाक्यं फालतू आहेत, शोध.’’ आणि ती असायचीच.

आमचं घर उरणच्या रस्त्याला, खाडीकडे वळलेल्या एका गावात. घर म्हणजे तीन खोल्या, पुढे पडवी, मागे शेवग्याचं झाड. एका बाजूने दिवसभर न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या ट्रेलरची रांग, त्यांच्या हवेच्या ब्रेकची फुस्स फुस्स. दुसऱ्या बाजूला खाडी, जिचा काही आवाजच नाही, फक्त वास. ओहोटीचा वास वेगळा, भरतीचा वेगळा. आई डोळे मिटूनही सांगायची पाणी कुठवर आलंय ते. तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि खाडीच्या कोळंबीचं कालवण, त्यात आंबोशीचा आंबट तुकडा. आणि बाबांना कधी जिताडा मासा मिळाला तर त्या दिवशी घरात कोणी कोणाशी भांडायचं नाही असा अलिखित नियम होता. डॉक्टरांनी आता मला मीठ कमी खायला सांगितलंय. मिठागराच्या कामगाराच्या मुलीला असं सांगणं म्हणजे सोनाराच्या बायकोला दागिने काढून ठेव म्हणण्यासारखंच आहे, पण मी ऐकते.

बाबा मिठागरात काम करायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. दिवाळीनंतर वाफे तुडवून तुडवून तळ घट्ट करायचा, उधाणाच्या भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत दाट करत न्यायचं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने ते ओढून बांधावर घालायचं. पाऊस येईपर्यंत हेच. त्यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत कायम पांढुरके असायचे, कितीही धुतले तरी.

संकुलात मात्र माझे बाबा वेगळे होते. पहिल्या वर्षी खारघरच्या एका मुलीने सहज विचारलं होतं, ‘‘तुझे पप्पा काय करतात?’’ आणि मी म्हटलं होतं, ‘‘मिठाच्या व्यवसायात आहेत.’’ हे खोटं नव्हतं. पण ती म्हणाली, ‘‘म्हणजे बिझनेस,’’ आणि मी मान हलवली. ती मान हलवणं मला दोन वर्षं पुरलं. मी भाषाही दोन ठेवल्या होत्या. घरी ‘नाय’ आणि ‘हाय’, ‘आमी’ आणि ‘तुमी’. एसटीतून उतरले की ‘नाही’ आणि ‘आहे’. फाटकापाशी चप्पल बदलावी तशी मी भाषा बदलायची, आणि इतक्या सफाईने की तस्नीमलाही कधी शंका आली नाही. याचं मला तेव्हा कौतुक वाटायचं, हे लिहायला हवं.

आणि मग तो शनिवार आला. ‘आठवडा’च्या मागच्या बाजूला खाली एक चौकट कायमची राखीव असायची: ‘बुधवारचं व्याख्यान’. दर बुधवारी दुपारी तीन वाजता मोठ्या सभागृहात कोणी ना कोणी बाहेरचा पाहुणा बोलायचा आणि विभाग पाळीपाळीने तो शोधून आणायचे. त्या आठवड्यात पाळी रसायनशास्त्राची होती आणि त्यांचं नाव काही येत नव्हतं. मॅडम भाच्याच्या लग्नाला अलिबागला गेल्या होत्या. तस्नीम म्हणाली, ‘‘चौकट रिकामी ठेवली तर अंदाज येत नाही गं. काहीतरी टाइप कर, नाव आलं की बदलू.’’ तिचं लक्ष दुसऱ्या बाजूच्या बातम्यांवर होतं. मी टाइप केलं: ‘समुद्राच्या पाण्यापासून मिठापर्यंत. वक्ते: श्री. हिराजी घरत, मीठ उद्योगातील ज्येष्ठ तज्ज्ञ.’ का केलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सकाळी निघताना बाबा बांधावर वाकलेले दिसले होते, ते डोळ्यांसमोर होतं. छापल्यासारख्या अक्षरात ते नाव कसं दिसतं, हे एकदा बघावंसं वाटलं. छान दिसत होतं. मी दोन क्षण बघितलं, आणि तेवढ्यात रसायनशास्त्राचे शिपाई दारात येऊन म्हणाले की, आमचे पाहुणे रद्द, चौकट काढून टाका. मी ‘हो’ म्हटलं. घड्याळात सव्वापाच झाले होते, साडेपाचची एसटी चुकली तर पुढची सातला. तस्नीमने ‘झालं ना सगळं?’ विचारलं, मी ‘झालं’ म्हटलं, तिने कागद काढून झेरॉक्सला दिला आणि मी फाटकाकडे पळत सुटले.

सोमवारी सकाळी फलकासमोरच्या गर्दीत मी नेहमीसारखी लोकांचे चेहरे बघायला उभी राहिले. चप्पल वाचून हसणारे लोक बघणं ही माझी आठवड्याची मिळकत होती. मग माझी नजर खाली गेली. बाबांच्या नावाची ती चौकट तशीच छापून आली होती. चौदा फलक. मी दोन फलकांवरचे कागद उतरवले, तिसऱ्यापाशी पोचले तेव्हा तिथे वसतिगृहाच्या मुली उभ्या होत्या आणि त्यातली एक ती चौकट वहीत उतरवून घेत होती. मी तशीच ग्रंथालयात गेले, मॅडमना सांगून टाकायचं ठरवून. पण माझ्या आधी तिथे संकुलाचे संचालक प्रधान सर येऊन बसलेले होते.

प्रधान सर मूळचे रसायनशास्त्राचेच. उंच, टक्कल पडलेले, आणि हातात कायम ‘आठवडा’ची घडी. ते म्हणत होते, ‘‘मॅडम, हे फार चांगलं झालं. दर वेळी आपण प्राध्यापकच बोलावतो. उद्योगातला माणूस पहिल्यांदाच येतोय. कोणत्या कंपनीचे हे घरत साहेब?’’

कर्णिक मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. नाव त्यांनाही नवीनच होतं.

‘‘उरणच्या बाजूचे आहेत, सर,’’ मी म्हटलं. तोंडातून तेवढंच निघालं. आमच्या बाजूला घरत घरोघरी, म्हणून आडनावावरून सरांना काही सुचलं नाही.

‘‘अनुभव?’’

‘‘तीस वर्षं.’’

‘‘उत्तम,’’ सर उठत म्हणाले. ‘‘मी स्वतः येणार. एमएस्सीच्या मुलांना सक्ती करतो. आणि दर्शना, ओळख तूच करून दे.’’

ते गेल्यावर मी मॅडमच्या टेबलापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चौकट, एसटी, मिठागर, दोन वर्षांची हलवलेली मान, सगळं. तस्नीम मागच्या दारात उभी होती हे मला सांगून झाल्यावर कळलं. मॅडमनी दगडाखालची एक प्रत ओढली, ती चौकट वाचली आणि आपल्या त्या हळू आवाजात विचारलं, ‘‘यात खोटं काय आहे?’’

‘‘मॅडम?’’

‘‘तीस वर्षं मीठ पिकवतात ना? मग ज्येष्ठ. स्वतः पिकवतात, म्हणजे तज्ज्ञ. वाक्य बरोबर आहे. तू लिहिलंस ते चुकून, पण लिहिलंस बरोबर. प्रश्न एवढाच की ते येतील का. नाही म्हणाले तर मी प्रधान सरांना सांगेन, चूक माझी, मी कागद तपासला नाही. येतील का, ते तू विचार.’’

तस्नीम माझ्या मागोमाग आली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘दोन वर्षं माझी नानकटाई खाल्लीस. आणि एवढी साधी गोष्ट मला सांगितली नाहीस.’’ तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, ‘‘माझे अब्बा पहाटे चारला भट्टीपुढे उभे राहतात, हातावर डाग आहेत. ते मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आठवतंय?’’ मला आठवत होतं.

संध्याकाळी बाबा पडवीच्या कडेला दगडावर पाय धूत होते. मी तांब्याने पाणी घालत घालत सांगितलं. त्यांना पहिल्यांदा वाटलं की मिठागराची सहल आणायची आहे. समजलं तेव्हा त्यांनी पाय घासायचे थांबवले.

‘‘मी? तुज्या कालेजात? काय बोलाचा तिथं?’’

‘‘मिठाचा सांगा, बाबा. कसा पिकतं ते.’’

‘‘त्यात काय सांगाचा? पानी येतं, सुकतं, मीठ उरतं. झाला. शिकलेली मानसा हसतील मना. आनी बुधवारी अवसेचा उधान हाय. दुपारी पानी घ्याचा हाय आत, ता कोन घेल?’’

मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी कबूल करते. उधाण हे मोठं कारण होतं, कोणालाही पटण्यासारखं. मॅडमना सांगता आलं असतं. पण आतून आई आली, हात पिठाने भरलेले. ती मला नाही, त्यांना म्हणाली, ‘‘तीस वरसं त्या पान्यात उबं हायस. कुनी इचारला नाय, काय करतंस म्हनून. आता इचारलाय, तर उधान सांगतंस.’’ आणि परत भाकऱ्या थापायला गेली. बाबा दुसरा पाय घासू लागले. जेवताना मात्र त्यांनी विचारलं, ‘‘किती वेल बोलाचा लागंल?’’ मी म्हटलं, पाऊण तास. त्यांनी घास खाली ठेवला. पाऊण तास सलग बोललेले त्यांना आमच्या घरात कोणी ऐकलं नव्हतं.

बुधवारी पावणेतीनला सभागृह भरलं होतं. एमएस्सीची मुलं सक्तीने आली होती आणि बाकीची ‘आठवडा’ वाचून. प्रधान सरांनी दोन बाहेरचे प्राध्यापकही आणले होते. टेबलावर पाण्याचा पेला, गुलाबाचं फूल, आणि ‘श्री. हिराजी घरत’ अशी पुठ्ठ्याची पाटी, तस्नीमने स्वतः रंगवलेली. फक्त हिराजी घरत नव्हते. तीन वाजले. तीन वाजून दहा मिनिटं झाली. प्रधान सर घड्याळाकडे बघत होते, मी फाटकाकडच्या खिडकीत, आणि माझ्या मनात दोन प्रार्थना एकाच वेळी चालू होत्या, एक ते यावेत म्हणून आणि एक येऊ नयेत म्हणून. सव्वातीनला एक सहाआसनी रिक्षा थांबली आणि त्यातून बाबा उतरले. लग्नकार्यात घालायचा पांढरा सदरा, इस्त्रीची पँट वर दुमडलेली, आणि नडग्यांवर ओला चिखल. उधाणाचं पाणी आत घेऊन ते तसेच निघाले होते. सदरा बदलायला वेळ मिळाला, पाय धुवायला नाही. हातात पिशवी होती आणि पिशवीत बाटल्या वाजत होत्या.

मी पायऱ्या उतरून गेले. ते म्हणाले, ‘‘वेल झाला. ट्रेलरची रांग लागलेली.’’ मग सभागृहाच्या दारातून आत बघितलं आणि हळूच म्हणाले, ‘‘ही सगली माज्यासाटी?’’

ओळख मी कागदावरून वाचली. कागदावर ‘वडील’ हा शब्द नव्हता. रात्री मी तो दोनदा लिहून दोनदा खोडला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाबा माइकपुढे उभे राहिले आणि थांबले. माइकमधून त्यांचा श्वास सभागृहभर ऐकू येत होता. त्यांनी माइक हाताने बाजूला केला, तो खरखरला, पुढच्या मुली दचकल्या. मागून कोणीतरी हसलं. बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि घरात विचारावं तसं विचारलं, ‘‘बाय, यो बंद कसा कराचा?’’

ते माइकवरूनच सगळ्यांना ऐकू गेलं. हसणं वाढलं. मला शुद्ध मराठीत उत्तर देता आलं असतं, ते जिभेवर तयारही होतं. पण बाबांचे डोळे बघितले आणि ते जिभेवरून उतरलं. मी पुढे गेले आणि माइकमध्येच म्हटलं, ‘‘बंद नका करू, बाबा. मांगं बसल्यांना आयकू नाय येनार. तुमी आपल्या घरात सांगता तसा सांगा. मी हाय इथं.’’

दोन वर्षांत पहिल्यांदा मी संकुलात माझ्या आवाजात बोलले होते, आणि तेही माइकवरून. तिसऱ्या रांगेतल्या खारघरच्या मैत्रिणीचं तोंड उघडं राहिलं होतं. मी वळून लोकांना म्हटलं, ‘‘हे माझे वडील आहेत. ते मिठागरात काम करतात. ओळख मघाशी अर्धी राहिली होती.’’

‘‘मी कुनी तज्ज्ञ बिज्ञ नाय,’’ बाबा माइकला म्हणाले. ‘‘मी मीठ पिकवतंय. तवरा मना येतं.’’

आणि मग त्यांनी पिशवीतून पाच बाटल्या काढून टेबलावर मांडल्या, आणि जणू बांधावर उभे आहेत अशा थाटात सुरू झाले. पहिल्या बाटलीत दुपारीच घेतलेलं खाडीचं पाणी, गढूळ. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वाफ्याचं पाणी, एकेक पायरी दाट. पाचव्या बाटलीतलं पाणी तांबूस होतं. त्यांनी सांगितलं की पाणी असं लालसर झालं की समजायचं, आता दोन-चार दिवसांत मीठ धरेल. वाफा आधी पायांनी का तुडवतात, उगवतीचा वारा चालला तर मीठ बारीक का धरतं, अवेळी शिंतोडे आले तर आठवड्याचं काम कसं एका तासात विरघळून जातं, आणि त्या वेळी बांधावर उभं राहून माणसं काय करतात. ‘‘काय करतात?’’ एका मुलीने विचारलं. ‘‘चाय पितात,’’ बाबा म्हणाले. ‘‘पावसाशी कोन भांडनार?’’ या वेळचं हसणं वेगळं होतं. ते हसणं त्यांच्या बाजूचं होतं आणि त्यांनाही ते कळलं. त्यांचे खांदे खाली आले.

पाणी किती दाट झालं ते कसं मोजता, असं प्रधान सरांनी विचारलं. बाबांनी करंगळी दाखवली. बोट बुडवायचं, जिभेच्या टोकाला लावायचं. सरांमधला रसायनशास्त्रज्ञ जागा झाला. त्यांनी प्रयोगशाळेतून काचेची चंचुपात्रं, गाळणकागद आणि घनता मोजायची काचेची नळी मागवली, टेबलाकडे पाठ करून, बाबांना दिसणार नाही असं पाणी, रंगावरून कळू नये म्हणून गाळून, सहा पात्रांत ओतलं, नळीने घनता मोजली, आकड्याची चिठ्ठी प्रत्येकाच्या तळाला उलटी चिकटवली आणि पात्रांची जागा बदलली. ‘‘घरत साहेब, आता लावा क्रम,’’ ते म्हणाले. आवाजात खट्याळपणा होता, पण कमीपणा नव्हता. लोक बाकांवरून उठून पुढे आले.

बाबांनी करंगळी सदऱ्याला पुसली. एक पात्र चाखलं, मग दुसरं, मधे साधं पाणी प्यायले. पात्रं सरकवू लागले. डावीकडे खाडी, उजवीकडे मिठाला आलेलं पक्कं पाणी. चौथं आणि पाचवं त्यांनी दोनदा चाखलं, तिसऱ्यांदा चाखलं, कपाळाला आठी घातली. तस्नीमने माझा दंड धरला होता, इतका घट्ट की संध्याकाळी तिथे बोटं उमटलेली दिसली. शेवटी बाबांनी ती दोन्ही पात्रं एकमेकांना चिकटवून ठेवली.

‘‘सर, या दोघांत फरक नाय,’’ ते म्हणाले. ‘‘एकाच बाटलीतला पानी हाय. बाटल्या पाच होत्या, भांडी सा झाली, तवाच मना वाटला. पन चाखल्याबिगर कसा बोलू?’’

प्रधान सरांनी चिठ्ठ्या काढून उलटल्या. क्रम बरोबर होता. चौथी आणि पाचवी चिठ्ठी त्यांनी वर धरून सगळ्यांना दाखवली. दोन्हींवर एकच आकडा होता. ‘‘परीक्षा मी घेत होतो,’’ सर म्हणाले, ‘‘आणि पकडला मीच गेलो.’’ मग जो टाळ्यांचा गजर झाला तो मी पुढे त्या सभागृहात फार थोड्या वेळा ऐकला. बाबा गांगरले. टाळ्या कशा घ्यायच्या ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

शेवटी एका मुलाने विचारलं की ही मिठागरं अजून किती वर्षं राहतील. बाबा बाटल्यांना बुचं लावत होते. ‘‘आजूबाजूला भराव पडतोय,’’ ते म्हणाले. ‘‘ता तुमी शिकलेल्यांनी सांगाचा. मी येत्या उधानापर्यंतचा सांगू शकतंय.’’ यावर कोणी हसलं नाही. घड्याळात पावणेपाच झाले होते. पाऊण तासाऐवजी दीड तास बोलले होते ते, आणि माझ्या आईला हे खरं वाटणार नव्हतं.

एसटीत खिडकीशी बसून त्यांनी गुलाबाचं फूल खिशातून काढलं, आईसाठी आहे म्हणाले, आणि परत ठेवलं. मी म्हटलं, ‘‘बाबा, मी लोकांना सांगितलं नव्हतं, तुमी काय करता ता.’’ ते म्हणाले, ‘‘समजला मना. दारातच समजला.’’ आणि बाहेर बघत राहिले. रागावलेत का, ते मला कळेना. गाडी जासईच्या पुढे गेल्यावर ते वळून म्हणाले, ‘‘पुढच्या बुधवारी कोन हाय?’’

मी म्हटलं, मधमाश्यांवर कोणीतरी येणार आहेत. पुण्याच्या बाई.

‘‘बाहेरच्या मानसाला बसून देतात?’’

देतात, मी म्हटलं. मला खरं तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, तर त्यांनी शनिवारच्या कागदात माझ्याकडून एक ओळ वाढवून घेतली: बुधवारचं व्याख्यान सर्वांसाठी खुलं आहे. ती ओळ मग कायम राहिली.

मधमाश्यांना बाबा आले. हंगामात त्यांना जमेल तसं ते यायचे, आणि पावसाळ्यात, मिठागर बंद असताना, एकही बुधवार चुकवायचे नाहीत. भूकंप, कापसावरची बोंडअळी, आकाशगंगा, जुनी नाणी, डोळ्यांचे आजार, काहीही चालायचं. निम्मं समजायचं नाही, ते घरी येऊन तेवढंच सांगायचे, न समजलेलं, आणि आई भाकरी थापता थापता आपला अंदाज सांगायची. आमच्या पडवीत आकाशगंगेवर इतकं भांडण कधी झालं नसेल. तस्नीमच्या अब्बांनाही एका बुधवारी बाबांनी ओढून आणलं. ते पहाटेचे उठलेले, पहिल्या दहा मिनिटांतच झोपले, पण पुढच्या बुधवारी परत आले. खारघरच्या त्या मैत्रिणीने एकदा मिठागर बघायला नेशील का विचारलं. मी नेलं. तिने तिथे बरेच फोटो काढले आणि एक पाय चिखलात घालून सँडल घालवली. त्याची बातमी ‘आठवडा’त देण्याचा मोह मी आवरला.

माझं शिक्षण संपलं, मी न्हावा शेव्याला मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीत लागले, ‘आठवडा’ दुसऱ्या मुलींच्या हातात गेला. बुधवारी दुपारी मी कंटेनरचे नंबर तपासत असायची आणि मला विसर पडायचा की बाबा या वेळी कुठे असतील. लग्न झालं, मुलगी झाली. मग भराव आमच्या बांधापर्यंत आला आणि एका हंगामाला मिठागर उघडलंच नाही. मला वाटलं, बाबा खचतील. आईला फोन केला. ती म्हणाली, ‘‘खचतंय कुठलं? बुधवार हाय आज. गेलाय.’’

त्याच महिन्यात मी एका बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून संकुलात गेले. फाटक नवं होतं, इमारतींना रंग नवा होता, सभागृहाच्या दारात एक मुलगी नोंदवही घेऊन बसली होती. व्याख्यान सुरू झालेलं होतं. आत पडद्यावर कसले तरी पक्षी उडत होते आणि पहिल्या रांगेत, बरोबर मधल्या खुर्चीवर, पांढऱ्या सदऱ्यातली एक पाठ ताठ बसलेली दिसत होती. वक्ते बोलता बोलता थांबले, कारण त्या पाठीने हात वर केला होता. दारातल्या मुलीने मला हळू आवाजात विचारलं, ‘‘मॅडम, आपण कोणत्या विभागाकडून?’’

मी नोंदवही ओढून घेतली आणि विभागाच्या रकान्यात लिहिलं: हिराजी घरत यांची मुलगी. तिने ते वाचलं, लगेच उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘मग पुढे बसा ना. काकांच्या शेजारची खुर्ची रिकामीच असते.’’